कंपनीत आहे म्हणून सांगितलेलं

दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. आम्ही नवरा-बायको पोटासाठी शहराला निघालो, एसटीत बसलो तेव्हा आई खिडकीशी आली. जपून राहा, पैसे पाठवा, असलं काही नाही. म्हणाली, "काय वाटेल ते खा, पण पाव खाऊ नको. ताडी घालतात त्यात. बाटशील." विहिरीत पाव टाकून पूर्वी पाद्र्यांनी गावंच्या गावं बाटवली, हे ती तिच्या आजीकडून ऐकून होती.

आणि मला काम मिळालं ते भट्टीवर. शाळा चौथीपर्यंत, वय पन्नाशीला टेकलेलं, दुसरं कोण घेणार? उत्तनला एका ख्रिस्ती म्हातारीची बेकरी होती. पहिल्याच दिवशी तिने माझं पीठ बोटाने दाबून पाहिलं. "पीठ हात सोडत न्हाय तवर मळत रव," म्हणाली. मळत राहिलो. पुढे शहरात इंद्रलोक भागात भाड्याचा गाळा घेऊन स्वतःची बेकरी टाकली. बायको, सुमन, पीठ मळायची, मी भाजायचो. लादी पाव, खारी, नानकटाई. झोपेतसुद्धा मी "रुको, गरम आता है" बडबडतो, असं ती सगळ्यांना सांगायची. धंद्याचा जम बसला.

गावाला मात्र सांगितलं, कंपनीत आहे. कसली कंपनी विचारलं की विषय बदलायचो. गणपतीला निघताना नखांतलं पीठ ब्रशने घासून काढायचो. आई वारली तेव्हाही मी कंपनीतच होतो.

मग सुमन गेली. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. गावाहून भावकी आलेली, थोरला दादा आलेला. कावळा शिवेना. फांदीवर बसून नुसता बघत होता. दादाने हात जोडून सांगितलं, तुझ्या माणसाला आम्ही बघू. तरी नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तिला काय आवडायचं ते मला ठाऊक होतं. पहिल्या घाण्यातला पाव, चहात बुडवून. पण भावकीसमोर तोंड उघडेना.

दादाच म्हणाला, "जा, तुझ्या बेकरीतला पाव आण."

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"दर गणपतीला सुमन पिशवीच्या तळाशी घालून आणायची. आई दुधात बुडवून खायची. मी म्हटलं, म्हातारे, बाटलीस. तर म्हणते, सुनेच्या हातचं काय बाटवतंय? त्याला तेवढं सांगू नका, लाजतो तो."

बेकरीत कामाला ठेवलेल्या कारागिराने भट्टी लावलेली होती. रिक्षाने जाऊन आणला. कावळा शिवला. भुकेलाही असेल, मला त्यातलं कळत नाही. माझी आई आत माझा पाव खात होती आणि मी ओटीवर कंपनीच्या गप्पा ठोकत होतो, एवढं कळलं. मान वर करवेना.

आता गावी येताना नखं घासत नाही. पावाची लादी उघडी हातात धरून आणतो, तुम्ही सगळे गाववाले बघता. चुलीपाशी नेऊन ठेवतो. तिथे दूध तापवणारी नाही, पिशवी सोडणारीही नाही. दोघी असताना त्या घरात मी पाहुण्यासारखा खोटं बोलत बसलो. आता घरचा झालोय, तर घरात कोण नाही.