ढकलून बघा, मग किक मारा

फटफटीच्या दुकानात फटफट्या कमी आणि माणसं जास्त असतात. फटफटी एक येते, तिच्यामागं चौघं येतात. एक तिचा धनी आणि तिघं ती का बिघडली ते सांगणारे! गाडी दुरुस्त होऊन जाते, पण ते तिघं बाकड्यावर बसूनच राहतात. मग चहा होतो, कुणी पडतं, कुणी हसतं, आणि किस्से साठत जातात. आमच्या दुकानात इतके साठले की आता सांगून टाकलेले बरे. न्हायतर माझ्या माघारी लोक चुकीचे सांगतील.

मी चौथी शिकलेली बाई. नटवून सांगायला मला येत न्हाय आणि कुणी नटवलं तर मला आवडत बी न्हाय.

मुरूम गावातलं आमचं दुकान मूळचं लोहाराचं. निजाम गेला, बाजार वाढला, गावात चार फटफट्या आल्या. तशी मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नांगराच्या फाळाबरोबर फटफट्या बी हातात घेतल्या. लोक त्यांना उस्ताद म्हणायचे आणि मला आक्का.

आता न्यूट्रल म्हणजे काय ते आधी सांगते. गिअरांच्या मधी एक जागा अशी असते की इंजिन फिरतं, पण चाकाला त्याचा पत्ता न्हाय. किक मारायची ती तिथंच. गाडी गिअरात असली तर इंजिन लागल्याबरोबर ती उडी मारते. जुन्या फटफट्यांना गिअरच्या डब्यावर एक बारका काटा असायचा. गाडी कुठल्या गिअरात आहे ते तो दाखवायचा. म्हणजे, दाखवायला पाहिजे होता!

*

रहीमचाचांचा आंब्याचा धंदा. त्यांच्या फटफटीचा काटा एकदा न्यूट्रलवर जाऊन बसला तो तिथंच. पहिला गिअर टाका, चौथा टाका, काटा आपला न्यूट्रलवर. चाचांना त्याचं काही वाटायचं न्हाय.

एकदा उमरग्याहून आले, टोपीपासून चपलेपर्यंत धुळीनं माखलेले. गाडी दारात उभी केली, वाकून काटा बघितला आणि मला हाक मारली.

"आक्का, जरा भाहीर या! ह्यो काटा म्हणतोय आपण जागचं हललोच न्हाय. मग मी मुरुमात आलो कसा?"

"मागं वळून बघा चाचा," मी म्हणले, "कदाचित उमरगंच हिकडं आलं असंल!"

*

मास्तरांची तऱ्हा निराळी. शाळेत कडक माणूस. पोरं त्यांच्या सावलीला बी भ्यायची. त्यांनी एक जुनी फटफटी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या दारात स्टँडवर लावून किक मारली. स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतं. त्यामुळं गाडी गिअरात होती तरी जागची हलली न्हाय, नुसतं मागचं चाक गरगर फिरायला लागलं.

मास्तर खूश. "पाहिलंत? एका किकमध्ये!"

मालक हातातलं काम टाकून म्हणाले, "मास्तर, चाक फिरतंय."

"फिरणारच. चाकच आहे ते."

मास्तरांनी छत्री कॅरिअरला अडकवली, टोपी घट्ट केली आणि गाडीवर बसायच्या आधीच तिला स्टँडवरून पुढं ढकललं. मागचं चाक भुईला टेकलं मात्र, गाडी त्यांच्या हातातून जी सुटली ती छत्रीसकट समोरच्या कडब्याच्या गंजीत! तिच्यामागं मास्तर, दोन्ही हात वर करून, "थांब! थांब म्हणतो ना!"

रहीमचाचा बाकड्यावरून ओरडले, "मास्तर, हजेरीतलं नाव घिऊन बोलवा! त्याबिगर थांबायची न्हाय ती!"

*

हा पुढचा किस्सा हसायचा न्हाय. पण आमचे मालक त्यात बी हसवून गेले, म्हणून सांगते.

चाचांचा तो अडकलेला काटा मालकांनी अखेर नीट बसवून दिला. दोन दिवस तो बरोबर चालला. तिसऱ्या दिवशी चाचा आले, दिवा हलतोय म्हणाले. मालक पुढच्या चाकाशी बसून दिव्याचे स्क्रू आवळत होते. त्यांच्या पाठीमागं ऐरण. दिवा झाला, मालक उठून उभे राहिले, आणि गाडीवर बसलेल्या चाचांनी खाली काट्याकडं बघितलं. काटा न्यूट्रलवर. मारली किक!

गाडी गिअरात होती. पुढचं चाक आणि ऐरण यांच्या मधी मालकांचा उजवा पाय सापडला. हाड मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला.

चाचा गाडी टाकून जमिनीवर बसले आणि रडायलाच लागले. "उस्ताद, काटा तुमीच बसवलावता ना! म्या तुमच्यावर इश्वास ठिवला!"

मालकांचा चेहरा पांढराफटक. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "व्हय चाचा. माझ्यावर इश्वास ठिवायचा न्हाय, एवढं सांगायचंच ऱ्हायलं."

*

पायाला प्लास्टर झालं. तीन महिने खाटेवर. खाट मी दुकानातच आणून टाकली. ते पडून सांगायचे, मी पाना फिरवायची. लोहाराच्या घरातली बाई मी, घण मारलेला होता. पाना त्याच्याहून हलकाच की!

पण पहिल्या दिवशी मी एक नेम केला. आमच्या दारात गाडी स्टँडवरून खाली घ्यायची. क्लच सोडून ठेवायचा. दोन पावलं पुढं ढकलायची, दोन पावलं मागं. सहज फिरली तर न्यूट्रल, अडली तर न्हाय. चाकापुढं कुणी थांबायचं न्हाय. मग किक. काटा काय म्हणतो ते मला कुणी सांगायचं न्हाय!

डॉक्टर तेवढे ऐकेनात. शिकलेला माणूस, पायात बूट, सदा घाईत. "आक्का, मी डॉक्टर आहे. मला काटा वाचता येतो."

मी हँडल धरूनच उभी राहिले. "डॉक्टर, पेशंट म्हणतो मला ताप न्हाय. तुम्ही ऐकता का?"

"नाही. मी हात लावून बघतो."

"मग हिला बी हात लावून बघा!"

डॉक्टरांनी गाडी ढकलली. अडली! गिअर काढला, परत ढकलली, किक मारली आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्यावरून गेले तर हे दारात एकटेच गाडी पुढं-मागं करीत होते. मला बघून म्हणाले, "ताप नाही आज!"

*

प्लास्टर निघालं. पाय जरा वाकडा जुळला, पण चालता यायला लागलं. मालक परत कामाला बसले. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! गाडी दुरुस्त झाली की मालक किकवर पाय ठेवायचे आणि तसेच थांबायचे. मग पाय खाली. "कार्बोरेटर अजून एकदा बघावा म्हणतो." एका गाडीचा कार्बोरेटर त्यांनी एका सकाळी तीनदा धुतला. त्यात धुवायला काही उरलं न्हवतं! चौथ्या वेळी मी त्यांच्या कपाळाकडं बघितलं. घामाचे थेंब. पदर खोचला आणि मीच किक मारली.

पहिल्या दिवशी किकनं मला बी उलट झटका दिला. मी मागं जाऊन भुश्शाच्या पोत्यावर बसले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "लाथा झाडायला घरात माणसं कमी पडली व्हय गं?"

"माणसं लगेच सुरू व्हत्यात आत्याबाई," मी म्हणले, "हिलाच दोन-चार लागत्यात!"

पण खरं सांगते, हसण्यावारी नेण्यासारखं ते न्हवतं. उमरग्यात दुसरं दुकान निघालं होतं, आणि गावात कुजबुज सुरू झाली होती की उस्ताद किकला भितो, बायको गाड्या चालू करती. जो माणूस फटफटीला भितो त्याच्याकडं फटफटी कोण आणील? एक गिऱ्हाईक गेलं, मग दुसरं गेलं. मालकांना कळत होतं. रात्री जेवताना एकदा एवढंच म्हणाले, "पाय दुखत न्हाय गं. पायाला आठवतंय."

मी भाकरी वाढली.

*

आता शेवटचा.

शेजारच्या गावचे पाटील कोरी फटफटी घेऊन आले. गाव गोळा झालं. हिला काटा न्हवताच. चावीपाशी बारका हिरवा दिवा होता. दिवा लागला की न्यूट्रल! पाटील तो दिवा असा दाखवीत होते जणू घरी मुलगाच झालाय.

"आता ढकलाढकली बंद, आक्का! तुमचा नेम गेला. इलायती अक्कल हाय ही."

साखळी ढिली होती, ती मालकांनी आवळून दिली. गाडी स्टँडवरून खाली घेतली, ऐरणीकडं तोंड करून. चावी फिरवली. हिरवा दिवा लागला. मी नेमाप्रमाणं पुढं झाले, तर पाटलांनी हात आडवा केला.

"तुमी न्हाय. आज उस्ताद मारतील किक." मग बाकड्याकडं बघून, "का लोक म्हणत्यात ते खरं समजायचं?"

बाकड्यावर डॉक्टर, मास्तर, रहीमचाचा. माझ्या तोंडात जे आलं होतं ते पाटलांनी जन्मात ऐकलं नसंल, पण मालकांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी गप झाले.

मालक हात पुसत उठले. लंगडत गाडीपाशी आले. दिव्याकडं बघितलं सुद्धा न्हाय.

"पाटील, दिवा खरा हाय?"

"सोळा आणे खरा!"

"मग चाकाम्होरं उभं ऱ्हावा. मारतो किक."

पाटलांनी चाक बघितलं, चाकापुढची ऐरण बघितली. मग मालकांचा वाकडा पाय बघितला. "म्या? म्या कशापायी?"

"दिवा तुमचा हाय."

पाटील जागचे हलेनात. रहीमचाचा उठले, "उस्ताद, मी ऱ्हातो!"

"चाचा, तुमी बसा," मालक म्हणाले. "तुमचं झालंय."

लोक हसले. पाटील हसले न्हायत. मालकांचे दोन्ही हात हँडलवर होते आणि किकचा पाय भुईलाच होता. तो पाय काही आज उठत न्हाय, हे तिथं मला एकटीला दिसत होतं.

मी गेले आणि चाकापुढं उभी राहिले. ऐरणीकडं पाठ करून, बरोबर त्याच जागी.

"आक्का!" डॉक्टर उठलेच. "तुमचाच नेम आहे, पुढं उभं राहायचं नाही!"

"माझाच हाय," मी म्हणले. "मोडीन न्हायतर पाळीन."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग गाडी मागं ढकलली. अडली! दिवा हिरवाच. पाटील वाकून दिव्यावर बोटानं टिचक्या मारायला लागले. मालकांनी पायानं गिअर हलवला आणि परत ढकलली. आता फिरली. मागं नेली, पुढं आणली. चाक माझ्या निऱ्यांना लागलं आणि मागं गेलं. परत लागलं, परत गेलं. एकदा पुढं, एकदा मागं ढकलायचा माझा नेम. त्यांनी सात वेळा ढकलली. मी मोजलं, कारण दुसरं काही करण्यासारखं न्हवतं.

मग त्यांनी पाय उचलून किकवर ठेवला. लई वेळ तो तिथंच होता.

किक बसली. इंजिन लागलं. गाडी जागच्या जागी थरथरत उभी, चाक माझ्या पायापासून वीतभर लांब.

मालक तिच्या आवाजाकडं कान देऊन थोडं थांबले. मग मला म्हणाले, "सरक आता. पाटलांना जायचंय."