टाचे मारणारे हात

नव्या दाढेनं कडक भाकरी चावताना मला एक गवंडी आठवतात. हुलसूर-बीदर बसमध्ये ते शेजारी बसले होते. नखांत सिमेंट, मांडीवर थापी. माझा हात सारखा गालाकडे जात होता.

"दाढ दुखायलीय का, अक्का?"

"काढलीय. आता जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचाय. हाडात तो धरेल का, याचीच भीती वाटते."

ते हसले. "कामून भ्यायलाव? गुळगुळीत काँक्रीटला गिलावा धरत न्हाई, म्हणून आम्ही आधी छिन्नीनं टाचे मारतो. खडबडीत झालं की माल घट्ट बसतंय. माझी पोरगी प्रयोगशाळेत हेच करायलीय. ॲसिडात बुडवून टायटॅनियम खडबडीत करती, मग हाड त्याला धरून वाढतंय."

बोलता बोलता त्यांचं बोट समोरच्या सीटच्या पत्र्यावर टाचे मारत होतं. माझी भीती तिथंच निम्मी झाली.

नौबादला ते उतरायला उठले, तेव्हा मी म्हणाले, "मुलगी शास्त्रज्ञ झाली म्हणायची!"

"समदं गाव तेच म्हणतंय." थापी काखेत मारून ते ताठ उभे राहिले. "मी म्हणतो, गवंड्याची पोरगी गवंडीच झाली."