टक्केसाहेबांचा अंदाज

ऑफिसात त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत, आणि त्यांना वाटे हा आपला मान आहे. होते विमा कंपनीतले साधे हेडक्लार्क. पण शहरातल्या कॉलेजात नोकरी सांभाळून करायच्या एमबीएचा विषय कुणी काढला की हे खुर्ची सरकवून पुढे! मार्क किती, अनुभव किती, साहेब शिफारस देईल का, सगळं विचारायचं, डोळे मिटायचे आणि प्रवेश मिळण्याच्या शक्यतेचा आकडा फेकायचा. "तुझं पस्तीस टक्के. वेळ घालवू नकोस." स्वतः त्या कॉलेजची पायरी कधी चढले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकायला पायरी लागते कुठे? विचारणाऱ्याला प्रवेश मिळाला तर 'मी म्हणालोच होतो', नाही मिळाला तरी 'मी म्हणालोच होतो'.

मग त्यांच्या बायकोनेच अर्ज भरला. औषधांच्या गोदामात माल पाठवायचं सगळं काम ती बघायची. तिच्या हाताखाली शिकलेले तिच्या डोक्यावर जाऊन बसले, कारण त्यांच्याकडे डिग्री होती आणि हिच्याकडे नुसती अक्कल. आता गोदामप्रमुख निवृत्त होणार होते. या वर्षी एमबीएला प्रवेश घेतला तर जागा तुझी, असं तिला मालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

"तुझं बारा टक्के," टक्केसाहेब जेवताजेवता म्हणाले.

"बाराच का हो?"

"अगं, वय बघ. संसार बघ."

"संसार काय माझ्या एकटीचा आहे?"

"पाणी तरी उठून घे रे," त्यांची आई म्हणाली. ते उठले नाहीत.

लेखी परीक्षेत बायको पहिल्या दहात आली. तेव्हा म्हणे, बारा टक्के मी मुलाखतीचे सांगितले होते! आहे की नाही निर्लज्जपणाची कमाल?

त्या कॉलेजची एक रीत होती. संध्याकाळच्या वर्गातले पुष्कळ जण घरच्या ओढाताणीत मध्येच सोडून जात, म्हणून मुलाखतीला घरचं एक माणूस न्यावं लागे आणि त्यालाही आत बोलावत. टक्केसाहेबांनी कोटाला इस्त्री करवून घेतली. अर्थात तिच्याकडूनच.

तिची मुलाखत झकास झाली. मग यांना बोलावलं. समितीच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "वर्ग संध्याकाळी असतात. घर कोण बघेल?"

'मी बघेन' म्हणायचं की नाही? दोन शब्द! पण समोर खरीखुरी प्रवेश समिती, आणि या बोलघेवड्याला जन्मात पहिल्यांदा असे श्रोते लाभलेले.

"मॅडम, स्पष्टच सांगतो. पहिलं सत्र ही काढेल. पुढे अवघड आहे. मला चहासुद्धा येत नाही, आईचं वय झालंय. माझ्या मते बारा टक्के."

"म्हणजे तुम्ही घर बघणार नाही?"

"मी फक्त अंदाज सांगतोय. आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही."

बाईंनी बायकोला परत आत बोलावलं. "तुमचं नाव आम्ही जवळजवळ नक्की केलं होतं," त्या म्हणाल्या. "पण घरून असं उत्तर आल्यावर यंदा जागा देता येणार नाही."

आणि हा शहाणा जिना उतरताना काय म्हणतो? "बघ, मी म्हणालोच होतो."

घरी आल्यावर तिने सासूला सगळं सांगितलं. सांगताना रडू आवरेना. गोदामाची जागा हातची गेली होती, आणि ती घालवणारा कोट काढून खुर्चीत ऐसपैस बसला होता.

"डोळे पूस," सासू म्हणाली. "पुढच्या वर्षी तुझ्याबरोबर मी येते. घर कोण बघेल विचारलं, तर मी बघेन म्हणून सांगते."

"आई, पण तुमच्याने कसं होणार?" टक्केसाहेबांनी विचारलं असतं तर बरं दिसलं असतं, पण विचारलं बायकोने.

"मी एकटी कशाला? हा आहे की. वर्षभरात शिकेल." मग आई मुलाकडे वळली. "ऊठ. चहा टाक."

टक्केसाहेबांनी घसा खाकरला. आकडा ओठांवर आला होता. पण दोघींचे चेहरे बघून ते मुकाट्याने उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

"चहाची पूड कुठल्या डब्यात आहे गं?" त्यांनी आतून विचारलं.

बायको उठू लागली, तशी सासूने तिला हात धरून खाली बसवलं.