पेपरात नसलेलं वाक्य

शाळेत शिकवायला जाण्याआधी मी रोज एक पान लिहिते. विषय शोधत बसायला वेळ नसतो. आमच्याकडे येणाऱ्या हिंदी पेपराच्या पहिल्या पानावर, कोपऱ्यात, कुणा थोर माणसाचं वाक्य असतं. ते मनातल्या मनात मराठीत आणायचं आणि त्याचं बोट धरून लिहीत सुटायचं. माझ्या बऱ्याच कथा अशाच सुरू झाल्या.

सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हापासून ते वाक्य मी त्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवू लागले. चहा बशीत ओतून ते ऐकायचे. आवडलं तर म्हणायचे, "पुन्हा वाच." नाही आवडलं तर, "याला एक साल शेतात केळी लावू दे, मग बोल म्हणावं."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी कोपऱ्यात वाक्यच नव्हतं. तिथवर साड्यांची जाहिरात पसरली होती. आबा वाट बघत होते. आदल्या संध्याकाळी माझं नवऱ्याशी वाजलं होतं, आम्ही बोलत नव्हतो, डोक्यात तेच होतं. मी पेपर तसाच समोर धरून म्हणाले, "अबोला दोघांचा असतो, पण तो मोडायला एक जण पुरतो."

"कोणाचं आहे?"

"नाव नाही छापलं, आबा."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा म्हटलं. माझ्या वाक्यावर ते मान डोलवत होते आणि मला बरं वाटत होतं. त्या दिवशीचं पान झरझर झालं.

रविवारी ते कपडे करून बसले. "बेटा, मला इच्छापूरला घेऊन चल."

इच्छापूरला त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, राहतात. बोअरच्या पाण्यावरून दोघांचं तुटलं, ते तुटलंच. माझं लग्न झाल्यापासून मी त्यांना एकत्र पाहिलेलं नाही. नवरा म्हणाला, "आता कशाला जाता?"

"मोठ्या लोकांनी सांगून ठेवलंय. काही उगाच नसतं," आबा म्हणाले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी आत जाऊन साडी बदलली.

काका ओट्यावर उन्हात बसले होते. आम्हाला पाहिलं, उठले आणि आत गेले. मी पाहिलं, आबांना दिसलं नाही. काकू पाणी घेऊन आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते झोपलेत."

"झोपू द्या. आम्ही बसतो," आबा म्हणाले, आणि खुर्चीत आरामात टेकले. पिकाचं, पोरांचं विचारत राहिले. काकू हो-नाही करत होत्या. माझ्यानं मान वर करवत नव्हती. मग आतून खोकल्याचा आवाज आला, आणि रेडिओ लागला.

आबांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. मग हात पुढे करून म्हणाले, "चल."

परतीच्या बसमध्ये मी त्यांना सगळं सांगितलं. ते वाक्य पेपरात नव्हतं, माझंच होतं, तेही माझ्या घरच्या भांडणावरून सुचलेलं.

"वाक्य खोटं नाही," आबा म्हणाले. "पण तुझं आहे हे माहीत असतं, तर मी तुला विचारलं असतं, बेटा, तू माझ्या भावाला ओळखतेस का?"

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. घरी आल्यावर जेवले, झोपले. इच्छापूरचं नाव पुन्हा काढलं नाही. भावाचा फोनही आला नाही. माझी पानं मात्र कितीतरी दिवस कोरी राहिली. काही सुचलंच, तर वाटायचं, हे वाचून कोण कुठे जाऊन बसेल.

उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता पेपर तेच उघडतात. मी पोळ्या लाटत असते आणि ते बाहेरून वाचून दाखवतात. आधी नाव वाचतात, सावकाश, आणि मग वाक्य. मला टोचावं म्हणून करतात असं नाही. त्यांना आता तशीच सवय लागली आहे.