समुद्राकाठचं कुरुंदा

कुरुंद्यात हळद शिजायला लागली, की तिच्या वासानं मला बाबांची ट्रंक उघडावीशी वाटते. तळाशी गोदावरीच्या मुखाजवळच्या तेलविहिरींचा जुना नकाशा आहे. "हा कागद टाका आता," असं सूनबाई दरवर्षी म्हणते. टाकते काय!

बाबा तिकडं विहिरी खोदायच्या कामावर होते. नवे नकाशे आले, तेव्हा ऑफिसनं टाकलेला हा नकाशा ते सुट्टीत घरी घेऊन आले. हळदीच्या कढईपासून उठून माय तो बघायला आली.

"यात आपलं गाव काहून न्हाई?"

"कागद तिथंच संपला ना," बाबा म्हणाले. मग त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि त्याच्या कडेपासून खडूनं नदी पुढं ओढत नेली. ती चुलीला वळसा घालून थेट उंबऱ्यापर्यंत गेली. तिथं त्यांनी शिजलेलं ओलं हळकुंड ठेवलं. "हे कुरुंदा."

माय त्या लांबलचक रेघेकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बाबा परत निघणार होते. तिनं हळकुंड उचललं आणि विहिरींच्या ठिपक्यांशेजारी नेऊन ठेवलं.

"अगं, गाव असं उचलता येतं व्हय?" बाबा हसले.

"तुमी येईस्तोवर ऱ्हाऊ द्या तिथंच."

मायला नकाशा कळत नाही, म्हणून मीही हसले होते. आता वाटतं, त्या खोलीत ते अंतर तिला एकटीलाच कळलं होतं.

विहिरींचे ठिपके आता पुसट झालेत. समुद्राकाठी डाग होऊन उमटलेलं आमचं गाव मात्र अजून पिवळं आहे.