घागर घेऊन चढायचा जिना

श्री. तुळशीरामजी हरणे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते कापसाच्या पोत्यांच्या ढिगावर उभे होते आणि मी खाली अंगणात, हातात छत्री घेऊन. मी नुकतीच अमरावतीहून बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून आले होते. नमस्कार नाही, नाव-गाव विचारणं नाही. वरूनच त्यांनी विचारलं, "बाई, डोक्यावर घागर घेऊन चढता येईन काय तुमाले?"

मला रागच आला. "मी इथे मुली शिकवायला आले आहे, पाणी भरायला नाही," मी म्हटलं. त्यावर ते असे मोकळेपणी हसले की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली. "म्हनूनच त विचारून राह्यलो," ते म्हणाले. "तुमच्या पोरीले चढाचा जिना आहे ना हा?"

जिना कुठे होता? होती ती पोती. मग मला समजावून सांगण्यात आलं. ओव्हरसियरसाहेबांची (बांधकाम खात्यातली सरकारी नोकरी सोडली तरी गाव हरण्यांना ओव्हरसियरसाहेबच म्हणतं) ही रीत आहे. कोणाच्या घरात जिना करायचा ठरला की ते आधी अंगणात पोत्यांचा जिना रचतात आणि घरातल्या झाडून सगळ्यांना त्यावरून चढ-उतार करायला लावतात. सासूबाई चढतात, कडेवर मूल घेतलेली सून चढते, धान्याचं सूप घेतलेली गडीण चढते. कुठे दम लागतो, कुठे नऊवारीचा काठ टाचेखाली येतो, हे ते डोळ्यांत तेल घालून पाहतात. मग एखादं पोतं दाबतात, एखादं पुढे ओढतात. बायामाणसांचं समाधान झाल्याशिवाय लाकडाला करवत लागत नाही.

मी चढले. भरलेली घागर घेऊन चढले! मधल्या एका पायरीवर पाणी हिंदकळून माझ्या खांद्यावर आलं आणि साहेब टाळी वाजवून ओरडले, "सापडली! हीच पायरी उंच आहे!" आपल्या कामातली चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांच्या षष्ट्यब्दीच्या या गौरवग्रंथात आरंभी हीच आठवण लिहावी असं मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

आता तो जिना कशासाठी होता ते सांगते. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमची शाळा ज्या भाड्याच्या घरात भरत होती ते घर मालकांना हवं होतं. गावात दुसरी जागा मिळेना. अशा वेळी देशमुख वकिलांच्या पत्नी काशीबाई पुढे झाल्या. त्यांच्या घराचा वरचा मजला नुसता कापूस आणि ज्वारी साठवायला पडून होता. "पोती खाली आना, पोरी वर न्या," असं त्यांनी वकीलसाहेबांना सांगितलं आणि वकीलसाहेबांनी कोर्टात कधी मान्य केलं नसेल इतक्या लवकर ते मान्य केलं.

अडचण एकच होती, जिना. घराचा जुना जिना भिंतीच्या पोटात होता. काळोखा, उभा, एका वेळी एकच माणूस अंग चोरून जाईल असा, आणि वरच्या टोकाला झडप. दरोडेखोरांच्या काळात तो शहाणपणाचाच होता. पण त्याची सुरुवात देवघराशेजारून होत होती, आणि आमच्या शाळेत सगळ्या जातींच्या नि धर्मांच्या मुली. काशीबाईंना स्वतःला त्याचं काही वाटत नसलं तरी घरच्या वडीलधाऱ्यांना ते चालणार नव्हतं. म्हणजे नवा जिना हवा होता, आणि तो समोरच्या बाजूने हवा होता. समोर वकीलसाहेबांची बैठक होती.

वकीलसाहेबांची हौस दांडगी. त्यांना इंग्रज साहेबांच्या बंगल्यात असतो तसा जिना हवा होता, आलेल्या पक्षकाराने पाहतच राहावं असा. हरणेसाहेबांनी तसाच केला. देऊळघाटचे उस्मानभाई मिस्त्री हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती. लाकूड सगळं त्यांच्या हातचं. रुंद सागवानी पायऱ्या, मध्यावर वळताना दोन मुली आरामात उभ्या राहतील एवढी मोकळी जागा, तिथे भिंतीत काचेची खिडकी, आणि हाताखाली गुळगुळीत वाहत जाणारा कठडा. पायरी आणि पायरी यांच्यामध्ये आडवी फळी नव्हतीच. त्यामुळे खिडकीतला उजेड थेट खालच्या बैठकीत सांडायचा. जुन्या काळोख्या घरात एकदम श्वास शिरल्यासारखं झालं होतं. मी तर हरखूनच गेले!

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरायची होती. सोमवारी लेडी इन्स्पेक्टर येणार होत्या. पटावरच्या मुली त्यांना वर्गात बसलेल्या दिसल्या तरच शाळेची मान्यता टिकणार होती. म्हणून आदल्या शुक्रवारी मी मुलींना आणि त्यांच्या आयांना नवी जागा पाहायला बोलावलं.

सगळ्या आल्या. दारात चपला काढल्या, जिन्याकडे पाहिलं, आणि उभ्याच राहिल्या. एकही पाऊल पुढे पडेना. गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या पत्नी जैनबबी आपल्या फातिमाचा हात धरून अगदी पुढे होत्या. फातिमा म्हणजे माझ्या चौथीतली सगळ्यांत तल्लख मुलगी. मी म्हटलं, चला ना वर. जैनबबींनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाल्या, "यंदा राहू द्या बाई. तिले घरीच शिकवतो."

त्यांच्या पाठोपाठ बाकीच्या आयाही वळू लागल्या. बुजून राहिल्या असतील असं समजून मीच पुढे झाले आणि भराभर चढू लागले. निम्म्यावर जाऊन वळून खाली पाहिलं, तर दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीतून मला एका पक्षकाराचं पागोटं दिसलं, पागोट्याखालचा चेहरा दिसला, आणि तो चेहरा वर पाहत होता. मी लुगडं घट्ट धरून कशी खाली आले ते माझं मला ठाऊक.

हे एका पुरुषाला सांगायचं कसं? मी ते काशीबाईंच्या कानात सांगितलं. काशीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ हरणेसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, तुमच्या जिन्यातून खालच्या मान्साले वरचं समदं दिसते. पोरी कशा चढतीन?"

साहेबांनी जिन्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे. "पोती!" ते ओरडले. "अहो, पोत्याले फट नसते!" खरंच होतं ते. पोत्यांचा जिना मागून भरीव. त्यावर उंची कळली, दम कळला, काठ अडकतो का तेही कळलं. पण पायऱ्यांमधल्या फटीचा पत्ता त्या जिन्याने लागू दिला नव्हता. ज्या परीक्षेवर साहेबांचा सगळा भरवसा, तिनेच त्यांना फसवलं होतं. दुसरा कोणी असता तर बायकांच्या जुनाट समजुतींना नावं ठेवून मोकळा झाला असता. साहेब आयांकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "चूक माह्यी आहे. सोमवारपावतर मले वेळ द्या. मंग तुमी म्हनान तसं."

फटीत फळ्या ठोकणं सोपं होतं. पण मग उजेड मेला असता, आणि वकीलसाहेबांचा जीव त्या उजेडात अडकलेला. साहेब डोकं धरून बसले. तेव्हा उस्मानभाई म्हणाले, "साहेब, जुन्या सज्ज्याच्या जाळ्या गोठ्यात पडून आहेत ना. त्याच्या आडून घरच्या बाया वराती पाह्यत. त्याईले समदं दिसे, त्याईले कोनी पाह्यत नोयतं. आपन त्या काऊन काढल्या बरं?"

काढल्या होत्या त्या वकीलसाहेबांना रस्त्याच्या बाजूला काचेची तावदानं हवी होती म्हणून. साहेब अक्षरशः धावत गोठ्यात गेले! शनिवार-रविवार त्या घरात नुसती धांदल. जाळ्या धुतल्या, तेल पाजलं, मापात कापल्या आणि एकेका पायरीच्या मागे बसवल्या. काही फळ्यांवर कमळं आणि लक्ष्मीची पावलं कोरलेली होती. त्या पायांशी यायला नकोत, हे कोणी सांगायच्या आतच उस्मानभाईंनी त्या बाजूला उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या वळणावरच्या खिडकीच्या वर, कपाळाच्या उंचीवर लागल्या. आजही तिथेच आहेत.

रविवारी दिवस मावळायच्या सुमारास साहेबांनी वकीलसाहेबांना त्यांच्या नेहमीच्या गादीवर बसवलं, काशीबाईंना जिन्यावर चढायला सांगितलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "वकीलसाहेब, काय दिसून राह्यलं?"

"उजेड," वकीलसाहेब म्हणाले.

"आनखी?"

"आनखी काई नाई बा. नुसता उजेड."

सोमवारी आयांना पुन्हा बोलावलं. जैनबबी आल्या, फातिमाला दारात थांबवलं, आणि आधी स्वतः जाऊन वकीलसाहेबांच्या बैठकीच्या कडेला उभ्या राहिल्या. तिथून जिन्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बुरखा सावरत वरपर्यंत चढून गेल्या आणि वरून हाक मारली, "फातिमा, आ जा!" त्यानंतर जो पावलांचा गडगडाट झाला तो ऐकून पक्षकार उठून उभे राहिले. लेडी इन्स्पेक्टर आल्या तेव्हा वर्गात बसायला जागा नव्हती. त्या दिवशी मी रडले, हे लिहायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

पुढे त्या जिन्याची सगळीकडे इतकी चर्चा झाली की मेहकर-चिखलीकडून लोक तो पाहायला येऊ लागले. नव्या घाटाचा रुंद जिना, मागे जुन्या जाळीची नक्षी: "हरण्याचा जिना" म्हणून तो ओळखला जाऊ लागला. लढाईत लोखंड आणि सिमेंट मिळेनासं झालं, तेव्हा नव्या घरांची कामं अडून बसली. साहेबांचं काम अडलं नाही. लोक जुनं पाडायला निघाले की साहेब म्हणायचे, "थांबा, आधी काय ठेवाचं ते पाहू." हाताखालच्या कारागिरांना ते वर्षातून एकदा तरी बैलगाडीत घालून, भाकरी-ठेचा बांधून, रोहिणखेडची जुनी मशीद दाखवायला नेतात. "दगडाले दगड कसा बसवला पाहा, मंग आपलं काम पाहा," एवढंच त्यांचं व्याख्यान. मी एकदा मुलींना घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. उस्मानभाई नमाज पढून येईपर्यंत साहेब बाहेर एका कोरीव दगडावरून बोट फिरवत बसले होते, आणि मग दोघांनी एकाच ताटात भाकरी खाल्ली.

त्यांच्या स्वभावातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या शेजारी एक वृद्ध शिक्षक राहत. त्यांची दृष्टी जात चालली होती. माडीवरून उतरताना शेवटची पायरी आली की नाही ते कळायचं नाही, आणि ते दोनदा पडलेही. कोणीही न बोलावता साहेब गेले आणि कठड्याच्या शेवटाला, तळहाताखाली येईल असा सुपारीएवढा लाकडी उंचवटा बसवून आले. हाताला तो लागला की समजायचं, आता जमीन. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक जिन्याला ती सुपारी असते. आमच्या जिन्याची मुलींच्या हातांनी झिजून आता चकचकीत झाली आहे.

आणि आता खरी गंमत. ज्या जिन्यावर त्यांनी एवढा जीव टाकला, वर शाळा भरू लागल्यापासून त्या जिन्यावर हरणेसाहेबांनी एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. मुलींचा जिना आहे, पुरुषमाणसाने जायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. इतक्या वर्षांत कैकदा आले, पण बैठकीतच बसायचे. शाळा सुटायची वेळ साधून यायचे. मुली उतरू लागल्या की डोळे मिटून त्यांची पावलं ऐकायचे आणि मला विचारायचे, "बाई, कोनती पायरी कुरकुरते काय?" मी नाही म्हटलं की उठून चालू लागायचे.

यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. सत्कार टाउन हॉलमध्ये व्हावा असं मंडळींचं म्हणणं होतं. माझ्या मुलींनी बंड केलं. सत्कार आमच्या वर्गात, वरच झाला पाहिजे! त्या बंडाच्या पुढारी आमच्याच शाळेच्या शिक्षिका, फातिमाबाई. मी साहेबांकडे निरोप घेऊन गेले तर ते गडबडले. "मी वर? पोरीच्या जिन्यावरून?" म्हणाले. वर गुडघ्यांचं कारण पुढे केलं. मी सांगितलं, मुलींनीच बोलावलं आहे. आणि गुडघ्यांचं म्हणाल तर मधल्या वळणावर दम खायला जागा तुम्हीच करून ठेवली आहे.

ते येणार आहेत. जैनबबी, काशीबाई, उस्मानभाई सगळे वर त्यांची वाट पाहत बसणार आहेत. परमेश्वराने आमच्या ओव्हरसियरसाहेबांना उदंड आयुष्य द्यावं, गुडघ्यांत बळ आणि छातीत दम ठेवावा, आणि यापुढे दरवर्षी त्यांनी आपला हा जिना चढून आमच्या वर्गात यावं, हीच माझी आणि माझ्या सर्व मुलींची प्रार्थना आहे. फक्त एक अट मी आत्ताच छापून ठेवते, म्हणजे ऐन वेळी कुरकुर नको. पहिल्या पायरीशी फातिमाबाई पाण्याने भरलेली घागर घेऊन उभ्या राहतील. ती साहेबांनी डोक्यावर घ्यायची आहे. पाणी हिंदकळलं तर पायरी सापडली म्हणून टाळी वाजवायला आम्ही सगळ्या वर उभ्या आहोत.