गॅलरीतला तायक्वांदो

दिनू मास्तर हवेत असतानाच मला दिसलं, हा पलीकडे पोचत नाही. गणपतीच्या मांडवासमोर त्याने सात पोरं ओळीने आडवी झोपवली होती. सातवी माझी लेक कुसुम. सहा जणांवरून तो गेला आणि सातवीवर त्याची उडी संपली. मी ओरडले ती शिवीच होती.

दिनू आमच्या घाटकोपरच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायचा. साकीनाक्याला लेथवर कामाला होता. अंधेरीच्या एका क्लासात दोन वर्षं तायक्वांदो शिकलेला, आणि बापाकडून कोकणातली लाठी. दोन्ही कालवून त्याने स्वतःचे पाठ बसवले आणि चाळीतल्या पोरांचा क्लास गॅलरीतच सुरू केला. पाठ म्हणजे समोर कोणी नसताना ठरलेल्या क्रमाने लाथा आणि ठोसे मारत जायचं. कोरियाच्या पाठात चारही दिशांना वळतात म्हणे. आमची गॅलरी तीन हात रुंद. म्हणून दिनूचे पाठ सरळ शिंद्यांच्या दारापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. मध्ये माझे पापड.

"काकी, पापड आत घ्या, लाथ येतेय."

"लाथ आत घे. पापडांना ऊन लागतं, तुझ्या लाथेला नाही."

अंधेरीचे गुरुजी त्याच्या पाठांना हसले. म्हणाले, ही खिचडी आहे, खिचडीला काळा पट्टा मिळत नाही. ते त्याला फार लागलं. "भांडण काय मैदान बघून होतं? जिन्यात होतं, संडासाच्या रांगेत होतं. माझे पाठ तिथे चालतात!" जो भेटेल त्याला हेच. माझे कान किटले. पण खोटं नव्हतं. कुसुमला जिन्यात एकाने अडवलं, तेव्हा तिने त्याला चार पायऱ्या खाली पाठवला. म्हणून तर मी तिला क्लासातून काढली नाही.

त्या गणपतीत त्याने गुरुजींना मुद्दाम बोलावलं. पाठ छान झाले. तेवढ्यावर थांबायचं ना! पण त्याला उडी दाखवायची होती. सकाळीच मी विचारलं होतं, "दिनू, गॅलरीत हात वर केलास तर छताला लागतो. उडी शिकलास कुठे?"

"उडीत काय शिकायचं काकी? ती येतेच."

खाली येताना त्याने पाय फाकवले. एक कुसुमच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि सगळा भार डाव्या गुडघ्यावर. काडकन आवाज आला. कुसुमने डोळे मिटलेलेच. "झालं?" म्हणाली.

गुरुजी धावत आले. हा पडल्या पडल्या त्यांना विचारतो, "सर, पाठ कसे वाटले?"

"गाढवा, आधी गुडघा बघ."

लोक म्हणाले, मास्तरने पोरीला वाचवलं. मी म्हटलं, तिला तिथे झोपवली कोणी? प्लास्टर निघेपर्यंत त्याला जेवण मीच नेऊन दिलं आणि रोज हेच ऐकवलं.

त्याचा गुडघा परत नीट वाकला नाही. पट्टाही मिळाला नाही. आता तो कांदिवलीला असतो, आणि कुसुमने पन्नाशी ओलांडली. दोघंही जिवंत आहेत.